गुलाम माणसाला प्रेम करण्याचा हक्क असतो का? जनाबाई, कान्होपात्रा, मलिक अंबर आणि लग्नगडी यांची गोष्ट

दासी आणि सरदाराचं प्रेम, किंवा गुलाम तरुण आणि वाड्यातली मुलगी. ऐतिहासिक प्रेमकथा वाचणाऱ्यांना हा साचा ओळखीचा आहे. मोबाईलवरच्या मालिकाकथांत, ऑडिओबुकमध्ये आणि रील्समध्येही तो सतत दिसतो. राजवाडा, पैंजण, चोरून झालेली भेट आणि शेवटी सुटका.

पण खऱ्या इतिहासात दासीला प्रेम करता येत होतं का? लग्न करता येत होतं का? तिचं मूल कोणाचं मानलं जायचं? आणि देवाचा या सगळ्याशी काय संबंध?

उत्तरं शोधायला अमेरिकेतल्या कापसाच्या मळ्यांपर्यंत जायची गरज नाही. कळमनुरीतून हिंगोलीमार्गे नर्सी नामदेवला जायला फार वेळ लागत नाही. संत नामदेवांचं गाव म्हणून नर्सी ओळखलं जातं. आणि नामदेवांच्या घरात जी बाई आयुष्यभर राबली, तिचं गाव गंगाखेड शेजारच्या परभणी जिल्ह्यात आहे. तिची ओळख आपण आजही एकाच शब्दात सांगतो, 'दासी'.

जनाबाई 'दासी' होत्या म्हणजे नेमकं काय?

परंपरेनुसार जनाबाईंचा जन्म गंगाखेडचा. वडिलांनी त्यांना लहानपणीच पंढरपूरला दामाशेटींच्या घरी ठेवलं. दामाशेटी म्हणजे नामदेवांचे वडील. तिथे जनाबाईंनी दळण, कांडण, झाडलोट, धुणं, पाणी भरणं आणि शेण गोळा करणं ही कामं केली. काळ तेराव्या-चौदाव्या शतकाचा.

बाजारात विकत घेतलेली गुलाम आणि लहानपणी कायमची कामाला ठेवलेली मुलगी यांत फरक आहे. जनाबाईंना विकलं होतं असं परंपरा सांगत नाही. पण स्वतःचं घर, स्वतःचा संसार, काम सोडून जायची मोकळीक, यातलं काहीच त्यांच्या वाट्याला आलेलं दिसत नाही.

त्यांच्या नावावरच्या अभंगांची संख्या साडेतीनशेच्या आसपास सांगितली जाते. त्यातला विठ्ठल सिंहासनावर बसलेला राजा नाही. तो जात्याच्या दुसऱ्या बाजूला बसून खुंटा ओढतो, शेण्या वेचायला येतो, केस विंचरतो. म्हणजे घरात जे काम कोणी वाटून घेत नव्हतं, ते देव वाटून घेतो. पंढरपूरजवळ गोपाळपूरला जनाबाईंचं म्हणून एक जातं आजही दाखवलं जातं.

इथे भक्तीमुळे जनाबाईंची कामातून सुटका झाली नाही. पण भक्तीने त्यांना बरोबरीचा सोबती दिला, आणि रागावायचा, भांडायचा, हट्ट करायचा हक्क दिला. मालकाशी दासी भांडू शकत नाही, विठ्ठलाशी मात्र भांडू शकते.

कान्होपात्रा: नाही म्हणणारी मुलगी

दुसरी गोष्ट मंगळवेढ्याची, साधारण पंधराव्या शतकातली. कान्होपात्रा ही श्यामा नावाच्या गणिकेची मुलगी. आईचाच व्यवसाय मुलीने करायचा, हा त्या काळचा रिवाज. कान्होपात्रेने तो नाकारला आणि वारकऱ्यांसोबत पंढरपूर गाठलं.

पुढची कथा अशी: तिच्या रूपाची कीर्ती बिदरच्या बादशहापर्यंत गेली. तिला घेऊन यायला त्याने माणसं पाठवली. तिने शेवटचं दर्शन मागितलं आणि विठ्ठलाच्या पायांशीच प्राण सोडला. मंदिराच्या आवारातलं तरटीचं झाड तिची खूण मानलं जातं.

एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. ही कथा आज आपण ज्या रूपात ऐकतो, ती मुख्यतः महिपतींच्या 'भक्तविजय' या ग्रंथातून आली आहे. तो ग्रंथ १७६२ सालचा, म्हणजे घटनेनंतर सुमारे तीनशे वर्षांनी लिहिलेला. त्यामुळे बादशहा कोण, माणसं किती, संवाद काय, याला इतिहास म्हणता येत नाही.

पण कथेचा गाभा ठाम आहे. आपलं शरीर कोणाला द्यायचं हे ठरवायचा हक्क ज्या मुलीला समाजाने दिलाच नव्हता, तिने 'नाही' म्हटलं. आणि त्या नकाराच्या मागे उभी राहायला तिच्याकडे देवाशिवाय कोणीच नव्हतं.

मराठी रंगभूमीने ही कथा उचलली. १९३१ साली 'संगीत कान्होपात्रा' रंगमंचावर आलं आणि बालगंधर्वांनी कान्होपात्रा साकारली. त्यातली भक्तिपदं आजही मैफलींत गायली जातात. लोकांच्या मनात राहिली ती भक्त कान्होपात्रा. नकार देणारी मुलगी मात्र थोडी मागे पडली.

महाराष्ट्रात खरंच गुलाम होते?

होते. शब्द वेगळे होते इतकंच. बाईला 'बटीक' किंवा 'कुणबीण' म्हणत. (शेतकरी कुणबी समाजाशी या शब्दाचा घोळ करू नका. पेशवाईच्या कागदांत 'कुणबीण' म्हणजे विकत घेतलेली किंवा मालकीची दासी.) तिच्या मुलांसाठी 'लेकावळा' हा शब्द वापरला जाई.

पेशवे काळातल्या कागदपत्रांतून जे चित्र दिसतं ते थोडक्यात असं:

• दासींची खरेदी-विक्री व्हायची, त्या भेट म्हणूनही दिल्या जायच्या.
• दुष्काळात पोटासाठी मुलं विकली जात.
• व्यभिचाराचा आरोप सिद्ध झालेल्या बाईला शिक्षा म्हणून सरकारी दासी केलं जाई. मग किल्ल्यांवर, कोठारांत, बांधकामावर तिला काम करावं लागे.
• दासीच्या पोटी जन्मलेलं मूल मालकाच्या ताब्यात राही.
• सुटका अशक्य नव्हती. पैसे भरून, बदली दासी देऊन किंवा म्हातारपणामुळे काहींना सोडलं जाई.

यातला तिसरा मुद्दा पुन्हा वाचा. प्रेमकथेत जे 'चोरून भेटणं' असतं, तेच खऱ्या आयुष्यात उघड झालं तर स्वतंत्र बाई दासी होऊ शकत होती. म्हणजे प्रेम ही गुलामीतून सुटायची वाट नव्हती. कित्येकींसाठी ती गुलामीत जायची वाट ठरली.

आणि मलिक अंबर?

गुलामीतून थेट सत्तेपर्यंत पोचलेलं मराठी मुलखातलं सगळ्यात मोठं नाव मलिक अंबरचं. इथिओपियात सोळाव्या शतकाच्या मध्यावर जन्मलेला हा मुलगा लहानपणीच विकला गेला. अरबस्तान, बगदाद असा हातोहात जात तो दख्खनमध्ये आला. वाटेत त्याचं नाव बदललं आणि धर्मही. निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतलं. हा चंगेजखान स्वतःही हबशी होता आणि एकेकाळी गुलाम होता. त्याच्या मृत्यूनंतर अंबर मोकळा झाला.

त्यानंतर अंबरने लग्न केलं, फौज उभी केली, निजामशाही सांभाळली, जहांगीर बादशहाच्या फौजांना वर्षानुवर्षं झुंजवलं. १६१० साली त्याने खडकी शहर वसवलं. तेच पुढे औरंगाबाद झालं, आजचं छत्रपती संभाजीनगर. १६२६ मध्ये तो वारला.

लष्करी गुलाम आणि घरातली दासी यांच्यातला फरक इथे दिसतो. तलवार हातात असलेल्या गुलामाला वर चढायला शिडी होती. जातं हातात असलेल्या बाईला ती नव्हती. म्हणून अंबरचं चरित्र लिहिता येतं. कुणबिणीचं बहुतेक वेळा नावही एखाद्या खरेदीखतात सापडलं तरच मिळतं.

कायद्याने गुलामी कधी संपली?

ब्रिटिश भारतात १८४३ च्या कायद्याने न्यायालयांनी गुलामावरची मालकी मान्य करणं थांबवलं. १८६० च्या भारतीय दंडसंहितेने गुलामांची खरेदी-विक्री गुन्हा ठरवली. कळमनुरी, हिंगोली हा भाग तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तिथे ब्रिटिश भारतातले कायदे आपोआप लागू होत नसत. इथला माणूस भारतीय संघराज्याचा नागरिक झाला तो १७ सप्टेंबर १९४८ नंतर.

दरम्यान १८७३ साली महात्मा जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक लिहिलं. ते त्यांनी अमेरिकेतल्या काळ्या लोकांना गुलामीतून सोडवणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केलं. पुण्यातला माणूस अमेरिकेतल्या गुलामीकडे बघून इथल्या जातीची गुलामी ओळखत होता. मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी मानली जाणारी रा. भि. गुंजीकरांची 'मोचनगड' याच्या दोनच वर्षं आधी, १८७१ मध्ये आली होती. पुढे ऐतिहासिक कादंबरी बहरली, पण तिच्या केंद्रस्थानी राहिले राजे, सरदार आणि त्यांच्या राण्या. कुणबीण पडद्यामागे निरोप पोचवणारी पात्र म्हणूनच उरली.

लग्न केलं म्हणून गुलाम: लग्नगडी

प्रेम आणि गुलामी यांची सगळ्यात विदारक गाठ महाराष्ट्रात विसाव्या शतकात दिसते. ठाणे जिल्ह्यातल्या (आज पालघर) वारली आदिवासींमध्ये 'लग्नगडी' नावाची पद्धत होती. लग्नाच्या खर्चासाठी तरुण जमीनदाराकडून कर्ज घ्यायचा. फेड म्हणून तो आणि त्याची बायको, दोघंही त्या जमीनदाराकडे राबायचे. बहुतेकांचं कर्ज कधी फिटायचंच नाही.

म्हणजे ज्या दिवशी संसार सुरू झाला, त्याच दिवशी गुलामीही सुरू झाली. आणि नव्या नवरीवरही मालक हक्क सांगत.

१९४५ मध्ये किसान सभेच्या नेतृत्वाखाली वारली उठले. गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर गावोगाव फिरले. वेठबिगारी आणि लग्नगडी पद्धत बंद करा, ही मुख्य मागणी होती. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला, त्यात वारली शेतकरी मारले गेले. तरी लग्नगडी मोकळे झाले. गोदावरीबाईंनी ही हकिकत 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिली. १९७२ साली त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

ऐतिहासिक प्रेमकथा लिहायची असेल तर यापेक्षा मोठं कथानक कुठे शोधणार?

जगातल्या कादंबऱ्यांनी काय केलं?

अमेरिकेत गुलामांच्या लग्नाला कायद्याची मान्यता नव्हती. नवरा एका मळ्यावर, बायको दुसऱ्या मळ्यावर विकली जाऊ शकत होती. १८५२ च्या 'अंकल टॉम्स केबिन'ने ही ताटातूट वाचकांसमोर आणली. १९३६ च्या 'गॉन विथ द विंड'ने मात्र तोच काळ मळेमालकांच्या बाजूने, रम्य करून सांगितला. १९८७ मध्ये टोनी मॉरिसन यांनी 'बिलव्हड' लिहिली. मार्गारेट गार्नर या पळून आलेल्या गुलाम बाईने १८५६ मध्ये पकडलं जाताना आपल्या मुलीला मारलं होतं. त्या घटनेवरून ही कादंबरी सुचली.

धर्म तिथेही दोन्ही बाजूंना होता. मालक बायबलचा आधार घेऊन आज्ञापालन शिकवायचे. गुलाम मात्र त्याच बायबलमधली मोझेसची, गुलामीतून बाहेर पडणाऱ्या लोकांची गोष्ट धरून ठेवायचे. जनाबाईंचं जातं आणि त्यांची गाणी यांच्यात समुद्र आहे, पण गरज एकच होती. मालकापेक्षा मोठं कोणीतरी आपल्या बाजूने आहे, हे स्वतःला सांगत राहणं.

मग आज हे सगळं का वाचायचं?

संविधानाच्या कलम २३ ने वेठबिगारीला बंदी घातली. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारीची कर्जं रद्द केली. तरी मराठवाड्यात 'उचल' हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. जोडीला उचल मिळते, म्हणून मुलीचं लग्न लवकर उरकलं जातं. उचल फिटेपर्यंत काम सोडता येत नसेल, तर त्या कामाला काय म्हणायचं, हे कायद्याने कधीच सांगितलंय.

त्यामुळे पुढच्या वेळी एखाद्या कथेत दासी सरदाराच्या प्रेमात पडली, तर एवढंच तपासा: तिला 'नाही' म्हणता येत होतं का? येत नसेल तर ती प्रेमकथा सरदाराची आहे, तिची नाही. तिची गोष्ट ऐकायची असेल तर जात्याजवळ बसावं लागेल.