एका नावाखालील अनेक जाती : 'बीटिस ऱ्होडानी' या मेफ्लाय कीटकाच्या वर्गीकरणाचा इतिहास

कीटकाला नाव देणे ही वरवर साधी वाटणारी गोष्ट आहे. प्रत्यक्षात एका नावाचा अर्थ निश्चित होण्यास दीड शतकाहून अधिक काळ लागू शकतो. युरोपातील डोंगरी ओढ्यांत व वाहत्या नद्यांत विपुल आढळणारा 'बीटिस ऱ्होडानी' हा मेफ्लाय गणातील कीटक याचे ठळक उदाहरण होय. प्रस्तुत लेखात या जातीच्या ओळखीचा इतिहास तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

मेफ्लायचे बहुतांश आयुष्य पाण्यात, दगडांना चिकटून राहणाऱ्या अर्भकावस्थेत जाते. पंख फुटल्यावर तो पाण्याबाहेर येतो व त्यानंतर पुन्हा एकदा कात टाकतो. पंख आल्यावरही कात टाकणारा आजच्या कीटकांत हा एकमेव गण आहे. प्रौढाची मुखांगे निरुपयोगी असतात. तो काही खात नाही आणि काही तासांत किंवा दिवसांत मरतो. वर्गीकरणाची मूळ अडचण येथेच आहे. वर्षभर सापडते ते अर्भक आणि नाव बहुधा दिले गेले ते क्षणभंगुर प्रौढाला. या दोहोंची सांगड न बसल्यास काय घडते, हे 'प्रोसोपिस्टोमा'च्या बाबतीत दिसून आले. फ्रेंच निसर्गअभ्यासक जॉफ्रुआ यांनी १७६२ मध्ये वर्णिलेला हा जलचर कवचधारी प्राणी समजला जात होता. ते मेफ्लायचे अर्भक आहे हे एमिल जोली यांनी १८७१ मध्ये दाखवून दिले. म्हणजे शंभराहून अधिक वर्षे हा कीटक खेकडा-कोळंबीच्या गोतावळ्यात राहिला!

डच शास्त्रज्ञ स्वामरडाम यांनी १६७५ मध्ये मेफ्लायच्या जीवनावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. लिनियस यांनी १७५८ मध्ये 'एफेमेरा' ही प्रजाती निश्चित केली, तर इंग्लिश प्राणिशास्त्रज्ञ विल्यम लीच यांनी १८१५ मध्ये 'बीटिस' प्रजातीची स्थापना केली. जिनिव्हाचे फ्रांस्वा-ज्यूल पिक्ते यांनी १८४३ ते १८४५ या काळात प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अनेक जातींचे वर्णन केले. ऱ्होन नदीच्या 'ऱ्होडानस' या लॅटिन नावावरून त्यांनी एका जातीस 'ऱ्होडानी' हे नाव दिले; आल्प्समधील 'अल्पिनस' ही जातीही त्यांचीच. पुढे आल्फ्रेड ईटन या इंग्लिश धर्मोपदेशकाने १८८३ ते १८८८ या काळात जगभरातील मेफ्लायचा विस्तृत ग्रंथ सचित्र सिद्ध केला. त्यातील आकृत्यांवर नंतरच्या अभ्यासकांच्या पिढ्या विसंबून राहिल्या. पाळकाच्या व्यवसायातून सवड काढून झालेले हे काम आजच्या अर्थसाहाय्यित प्रकल्पांनाही सहज पेलणारे नाही.

तथापि 'बीटिस'चे प्रौढ एकमेकांसारखे दिसतात. रंग तर नमुना मद्यार्कात ठेवताच बदलतो. म्हणून केवळ प्रौढावर आधारलेली ओळख डळमळीतच राहिली. इंग्रिड म्युलर-लीबेनाऊ या जर्मन संशोधिकेने १९६९ मध्ये युरोपीय 'बीटिस'ची जी पुनर्मांडणी केली, तिचे महत्त्व यासाठी आहे. त्यांनी अर्भकाच्या सूक्ष्म लक्षणांना प्राधान्य दिले : वरच्या ओठावरील रोमांची मांडणी, मांडीच्या कडेवरील राठ केस, पोटावरील सात क्लोमजोड्यांची कड. 'ऱ्होडानी'च्या क्लोमांच्या कडेला काट्यांसारखे राठ केस असतात. 'अल्पिनस'मध्ये शेपटीच्या तीन तंतूंपैकी मधला अतिशय आखूड असतो. ओढ्यातून उचललेला नमुना सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून खात्रीने नाव सांगणे आता शक्य झाले, किंबहुना तसे वाटू लागले.

ही खात्री फार काळ टिकली नाही. विल्यम्स, ऑर्मरॉड व ब्रूफर्ड यांनी २००६ मध्ये युरोप व परिसरातील 'ऱ्होडानी'च्या मायटोकाँड्रियातील डीएनए तपासला. एका नावाखाली त्यांना सात भिन्न गट आढळले. त्यांच्यातील अंतर स्वतंत्र जातींना शोभेल इतके मोठे होते.

हा प्रश्न केवळ संग्रहालयातील चिठ्ठ्यांचा नाही. 'ऱ्होडानी' आम्लयुक्त पाणी सहन करू शकत नाही. त्यामुळे त्याच्या असण्यानसण्यावरून ओढ्याच्या प्रकृतीचा अंदाज बांधला जातो. एका नावाखाली वेगवेगळ्या सहनशक्तीच्या जाती दडलेल्या असतील, तर दोन ओढ्यांच्या नोंदींची तुलनाच सदोष ठरते. एखाद्या खोऱ्यातून नाजूक जात नाहीशी झाली आणि काटक जात उरली, तरी यादीत 'ऱ्होडानी आढळला' अशीच नोंद होत राहील. ते नुकसान कागदावर कधीच उमटणार नाही.

नामकरणाचा पेच याहून किचकट आहे. सातपैकी मूळ नावावर हक्क कोणत्या गटाचा? नियमानुसार नाव मूळ वर्णनाच्या नमुन्याबरोबर जाते. त्यामुळे पिक्ते यांनी नेमका कोणता कीटक पाहिला होता, हे ठरविण्यासाठी रेणूंचा अभ्यास करणाऱ्यालाही १८४३ च्या मजकुराकडे व ऱ्होनच्या परिसरातील नमुन्यांकडे वळणे भाग आहे. उरलेल्या गटांना नावे देण्याचे काम त्यानंतरचे.