गुरुवारचा रविवार

रविवारी सकाळी चहाबरोबर तुम्ही ही पुरवणी उघडता, तेव्हा भोसरीच्या एमआयडीसीत अनेक कारखान्यांची पहिली पाळी कामाला लागलेली असते. पिंपरी-चिंचवडच्या कितीतरी घरांत मुलांची सुट्टी रविवारी आणि वडिलांची गुरुवारी. साहजिकच नवीन वर्षाचं कॅलेंडर भिंतीवर लागलं, की या घरांत आधी पाहिलं जातं ते हे, की सणवार गुरुवारी तर येत नाहीत ना?

मुळात कामगाराला रविवार मिळाला तोच झगडून. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्यासाठी काही वर्षं लढा दिला आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेनं रविवारची सुट्टी मान्य केली. गंमत म्हणजे, तो दिवस होता मंगळवार!

मग पिंपरीत गुरुवार कुठून आला? उत्तर पंचांगात नाही, विजेच्या तारांत आहे. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ आलं आणि पुढं भोसरी-चिंचवडचा माळ कारखान्यांनी भरून गेला. सगळे कारखाने एकाच दिवशी बंद आणि बाकी सहा दिवस एकदम चालू, हे विजेला झेपणारं नव्हतं. म्हणून वेगवेगळ्या औद्योगिक भागांना सुट्टीचे वेगवेगळे वार वाटून देण्यात आले. या पट्ट्याच्या वाट्याला गुरुवार आला. १९४८ च्या कारखाने कायद्यानं त्याला वाट ठेवलेलीच होती. रविवारऐवजी त्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या तीन दिवसांत सुट्टी द्यावी, असं त्यात म्हटलं होतं. मागं मोजत गेलं, तर तिसरा दिवस गुरुवारच. जवळच्या चाकणला आठवड्याचा बाजार शनिवारी भरतो. म्हणजे प्रत्येक गावाचा आठवडा आपापल्या वाराभोवती फिरतो.

वार माणसांनी ठरवला. पण त्या वारावर कोणती तारीख येणार, हे गणित ठरवतं. ३६५ दिवस म्हणजे ५२ आठवडे आणि वर एक दिवस. म्हणून तीच तारीख पुढच्या वर्षी एक वार पुढं सरकते. मध्ये २९ फेब्रुवारी आली, तर दोन. आपल्या कॅलेंडरचं पूर्ण चक्र ४०० वर्षांचं आहे. त्यात १,४६,०९७ दिवस, म्हणजे बरोबर २०,८७१ आठवडे बसतात. पण ४०० ला ७ नं नि:शेष भाग जात नाही. त्यामुळं कुठलीच तारीख साती वारांच्या वाट्याला अगदी सारखी येऊ शकत नाही. थोडा पक्षपात गणितातच आहे!

आता एक गंमत करून बघा. १ मेपासून २ ऑक्टोबरपर्यंत दिवस मोजा. १५४ भरतील, म्हणजे नेमके २२ आठवडे. मध्ये फेब्रुवारी येत नाही, त्यामुळं लीप वर्षाचाही फरक पडत नाही. कामगार दिन ज्या वारी, गांधी जयंतीही त्याच वारी, दरवर्षी! आणि स्वातंत्र्यदिन त्याच्या पुढच्या वारी.

याचा अर्थ कामगाराला विचारा. २०२५ मध्ये १ मे गुरुवारी आला, तेव्हाच २ ऑक्टोबरचाही निकाल लागला. त्या वर्षी दसराही २ ऑक्टोबरलाच होता. कामगार दिन, गांधी जयंती आणि दसरा, तिन्ही साप्ताहिक सुट्टीत विरले. करारात बदली सुट्टीची तरतूद नसेल, तर ती गेलीच. त्याआधीच्या वर्षी, २०२४ मध्ये, १५ ऑगस्टही गुरुवारीच आला होता. उलट २०२२ मध्ये १ मे आणि २ ऑक्टोबर रविवारी आले. तेव्हा ऑफिसातली मंडळी हळहळली आणि भोसरीकरांच्या पदरात दोन सुट्ट्या जास्तीच्या पडल्या.

१ मे पुन्हा गुरुवारी येईल तो २०३१ मध्ये. ते गणित कुणालाच बदलता येणार नाही. पण बदली सुट्टी द्यायची की नाही, हे गणित ठरवत नाही. ते टेबलाभोवती बसून माणसंच ठरवतात, १८९० मध्ये ठरवलं तसंच. तेव्हा करारावर सही करण्यापूर्वी पुढच्या चार वर्षांचं कॅलेंडर एकदा चाळून बघायला काय हरकत आहे?