दापोडीचे डॉक्टर गिब्सन

तुकोबारायांची पालखी आकुर्डीहून पुण्याला निघते तेव्हा वाटेत दापोडी लागते. तिथं राबलेल्या एका डॉक्टरची आठवण शताब्दीनिमित्त आम्ही इथे नोंदवतो.

डॉ. अलेक्झांडर गिब्सन १८०० साली स्कॉटलंडमध्ये जन्मले. कंपनी सरकारचे डॉक्टर म्हणून इकडे आले, मराठी शिकले. १८३६ च्या सुमारास दख्खन-खानदेशात देवीची लस टोचण्याचं काम त्यांच्याकडे होतं. पण जीव रमायचा रानात. १८३८ मध्ये दापोडीची सरकारी बाग त्यांच्या हाती आली, १८४७ मध्ये मुंबई इलाख्यातली जंगलं. कोकणात झाडं तुटली तसे झरे आटले, हे त्यांनी सरकारला लिहून कळवलं. अर्थात, जंगल सरकारी झालं तसे गोरगरिबांच्या लाकूडफाट्यावर निर्बंधही आले, हे विसरता येत नाही.

१८६० मध्ये ते निवृत्त झाले. पुढल्याच वर्षी डॅल्झेल यांच्यासोबत लिहिलेला इथल्या वनस्पतींचा ग्रंथ छापून आला. १८६७ मध्ये ते वारले.

माउली, आपल्या बुटीबोरीला आज कारखाने आहेत, रुंद रस्ते आहेत. पण वारीत दुपारचा विसावा झाडाखालीच होतो, आणि तहान विहिरीवरच भागते. झाड गेलं की विहिरीचं पाणीही जातं. गावी परतल्यावर प्रत्येकानं एक झाड लावावं आणि उन्हाळाभर त्याला पाणी घालावं, एवढीच विनंती. रामकृष्ण हरी!