फडाचें बिऱ्हाड

नवी मुंबईंतील वाशीचा घाऊक बाजार सर्वत्र ‘एपीएमसी मार्केट’ याच नांवानें ओळखला जातो. तेथें चैत्र लागला म्हणजे एक गोष्ट नेमानें घडते. कांदा-बटाट्याच्या, मसाल्याच्या आणि भाजीच्या गाळ्यांतून ओझीं वाहणारे माथाडी एकेक करून गांवीं जाऊं लागतात. यांतील पुष्कळांचें मूळ गांव सातारा जिल्ह्यांत. त्यांच्या वाडवडिलांनीं हेंच काम मुंबईस मशीदबंदरच्या बाजूला केलें. पुढें १९८१ पासून १९९६ पर्यंत टप्प्याटप्प्यानें घाऊक बाजार खाडी ओलांडून इकडे आला, तसे तेहि आले. परंतु बाजार हालला तरी ग्रामदैवत जागचें हाललें नाहीं. जत्रेस गेलेंच पाहिजे, आणि जाण्यापूर्वीं वर्गणी दिलीच पाहिजे. गांवोगांवच्या जत्रा आज या ‘मुंबईकर मंडळीं’च्या वर्गणीवर उभ्या आहेत, असें म्हटल्यास फारसें चुकणार नाहीं. त्या वर्गणींतून पालखी निघते, कुस्त्यांचे इनाम दिले जातात, आणि बऱ्याच ठिकाणीं तिचा मोठा वांटा तमाशाच्या सुपारीला जातो.

जत्रा ही अशा रीतीनें घरीं परतण्याची वेळ. लेकीबाळी माहेरीं येतात, चाकरमाने येतात, वर्षभर कुलूप लागलेलीं घरें उघडतात. या साऱ्या घरीं आलेल्या माणसांचें मन रमविण्यासाठीं मात्र एक कुटुंब आपलें घर सोडून बाहेर पडलेलें असतें. तमाशाच्या फडाला कुटुंब म्हणावें काय, असा प्रश्न कोणी विचारील. पण फडाचा इतिहास पाहिला तर दुसरा योग्य शब्द सांपडत नाहीं. आजा फड उभारतो, बाप व चुलता तो चालवितात, लेक त्यांत नाचूं लागते, तिचीं मुलें पेटीच्या आड झोपीं जातात आणि पुढें तींच नवा फड काढतात. कवलापूरचे काळू-बाळू, म्हणजे लहू व अंकुश खाडे हे जुळे बंधू, ‘जहरी प्याला’ या वगांतील हवालदारांच्या भूमिकांनीं घरोघर पोंचले. पण त्यांच्याहि आधीं ‘शिवा-संभा कवलापूरकर’ हा घरचाच फड गाजत होता. घराण्याचें नांव गवयांतच चालतें, असें शहरांत समजलें जातें. तमाशाचींहि घराणीं आहेत.

या फडांची पंढरी म्हणजे जुन्नर तालुक्यांतील नारायणगांव. पुणें-नाशिक रस्त्यावर मीना नदीच्या कांठीं वसलेलें हें बाजाराचें गांव. गुढीपाडव्याच्या सुमारास तेथें रस्त्याच्या कडेला फडांच्या राहुट्या उभ्या राहतात. प्रत्येक राहुटीबाहेर फडाचा फलक, आंत एक टेबल, एक वही आणि जबाबदार कारभारी. गांवोगांवचे जत्राकमिटीचे पंच तेथें येतात, चार राहुट्या फिरतात, बायका किती, गाणारीण कोण, वग कोणता, दिव्यांची व्यवस्था काय, याची चौकशी करतात, घासाघीस होते, आणि शेवटीं विसार देऊन तारीख लिहिली जाते. हीच सुपारी. सांगली जिल्ह्यांत विटें येथेंहि असाच बाजार भरतो. बाजारसमितींत जशी मालाची बोली, तशी येथें रात्रींची. फरक इतकाच, कीं येथें माल विकून मोकळें होतां येत नाहीं; ठरलेल्या रात्रीं शंभराच्या आसपास माणसें त्या गांवाच्या माळावर प्रत्यक्ष उभीं करावीं लागतात.

फडाचें वर्ष दसऱ्यापासून मोजतात. दसऱ्याला ढोलकीची, तुणतुण्याची व पेट्यांची पूजा होते आणि गाड्या बाहेर पडतात. पहिले कांहीं महिने मोठे फड कनाती लावून तिकिटावर खेळ करतात. मार्गशीर्षांत नांदेड जिल्ह्यांत माळेगांवची खंडोबाची जत्रा, खानदेशांत सारंगखेड्याचा घोडेबाजार, साताऱ्याकडे पुसेगांव; पौषांत पाल; फाल्गुनांत रंगपंचमीला मढी. मग चैत्र आणि वैशाख हे खरे कमाईचे दोन महिने. त्या काळांत गांवोगांवच्या जत्रा एकामागून एक येतात. आज एका तालुक्यांत खेळ, तर उद्यां रात्रीं साठ-सत्तर कोसांवर दुसरा. बुद्धपौर्णिमेच्या सुमारास सारें थांबतें. पावसाळ्याचे चार महिने माणसें आपापल्या गांवीं, आणि उत्पन्न शून्य.

या चार महिन्यांत खावें काय? याच प्रश्नांतून ‘उचल’ नांवाची संस्था जन्मली. पुढील हंगामाच्या कबुलीवर कलावंत मालकाकडून आगाऊ रक्कम उचलतो, व ती हंगामांत नाचून, गाऊन, तंबू ठोकून फेडतो. फेड पुरी झाली नाहीं तर पुढच्या वर्षीं त्याच फडांत राहणें भाग. ऊंसतोडीच्या टोळींत व वीटभट्टीवर जी रीत, तीच येथें. परंतु मालक तरी मोकळा असतो काय? तोहि उचल वांटण्यासाठीं सावकाराकडून कर्ज काढतो, आणि पुष्कळदां चैत्रांतल्या सुपाऱ्या त्या कर्जापोटीं आधींच गहाण पडलेल्या असतात. रंगमंचावर राजाचा मुकुट घालणारा मनुष्य कर्जदार, आणि त्याला तो मुकुट देणाराहि कर्जदार, असा हा प्रकार आहे.

मुक्कामावरचें जिणें कसें असतें, तें जत्रेंतल्या प्रेक्षकाला सहसा दिसत नाहीं. पहांटे खेळ संपतो, कनाती उतरतात, गाड्या भरतात. ढोलकीवाला व तंबूवाले सामानाच्या गाडींत, बायका-मुलें दुसऱ्या गाडींत. दुपारीं नव्या गांवाबाहेर उतरल्यावर प्रथम पाण्याची चौकशी. तीन दगडांची चूल मांडली जाते. प्रत्येकीची पत्र्याची ट्रंक हीच तिची खोली: तिच्यांतच नऊवारी साडी, घुंगरांचे पट्टे, रंगाच्या डब्या, देवाची तसबीर आणि मुलाचें दूध-साखरेचें सामान. आडोशाला एखादी कनात. उन्हांत झोप, अंधारांत जागरण. मूल शाळेच्या वयाचें झालें कीं एक तर त्याला आजीकडे ठेवावें, नाहीं तर आईच्या मागें हिंडवावें. आठ महिन्यांत शेंकडों गांवें पाहणाऱ्या मुलाला एका गांवची शाळा मिळत नाहीं.

रात्रीं गण होतो, गवळण होते, बतावणी व रंगबाजी होते, मग वग. दुसऱ्या दिवशीं सकाळीं ‘हजेरी’. गांवची प्रतिष्ठित मंडळी बसतात, फडाचे कलावंत गातात, नांव पुकारून बक्षिसी दिली जाते, दुपारीं कुस्त्या. गांवांतील मानापमानाचा सारा हिशेब या हजेरींत चोख होतो. मात्र गाणारांचा मान निराळा. तमाशाचे बहुतेक कलावंत महार, मांग, कोल्हाटी अशा जातींतले. ज्या गळ्याला रात्रीं वाहवा मिळाली, त्याच गळ्याला दिवसां गांवच्या पाणवठ्यावर मज्जाव, ही स्थिति पिढ्यान् पिढ्या टिकली. महाराष्ट्रानें आपल्या करमणुकीचा भार ज्यांच्यावर टाकला, त्यांनाच त्यानें वेशीबाहेर उतरविलें.

या भाराचा इतिहास जुना आहे. पेशवाईच्या अखेरच्या काळांतील रामजोशी, अनंतफंदी, होनाजी यांचीं नांवें सर्वांच्या ओळखीचीं आहेत. परंतु शाहिरी कवनांतून नाट्याकडे नेणारा वग ज्यानें रचला, त्या उमाजी बाबा सावळजकरांचें नांव कितीजणांस ठाऊक आहे? तासगांवजवळच्या सावळजचे हे मांग शाहीर. १८६५ सालचा त्यांचा ‘मोहना-बटाव’ हा पहिला वग मानला जातो. पुढें वाळवें तालुक्यांतील रेठरें हरणाक्ष येथील श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी यांनीं घर, वतन व जात यांवर पाणी सोडून फडाचा रस्ता धरला. हेच पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५). संगमनेर तालुक्यांतील हिवरगांवच्या पवळेबरोबर त्यांची जोडी अशी जमली, कीं दोघांचीं नांवें आजहि एका श्वासांत घेतलीं जातात. पवळा १९३९ सालीं वारली; बापूरावांचा शेवट पुण्यांत दारिद्र्यांत झाला. महाडच्या सत्याग्रहाच्या काळांत बापूरावांनीं तमाशाच्या उत्पन्नांतून मदत देऊं केली असतां डॉ. आंबेडकरांनीं ती नाकारली. ज्या बायकांना नाचवून तो पैसा उभा राहणार, त्यांच्याच सन्मानासाठीं लढा चालला होता. नकाराचा अर्थ उघड आहे. तमाशाचें कौतुक करणारांनीं ही गोष्ट विसरूं नये.

स्वातंत्र्यानंतर लौकरच, १९४८ च्या सुमारास, बाळासाहेब खेर यांच्या मुंबई सरकारनें अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली. रस्त्यावर निघालेलीं बिऱ्हाडें जागच्या जागीं थांबलीं. कलावंतांनीं दाद मागितली, महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली गेली, बंदी उठली, आणि वग आधीं तपासून घेण्याची पद्धति सुरू झाली. शब्द शुद्ध करण्याची ही काळजी स्तुत्य होती. पण कलावंताच्या पोटाची, मुलाच्या शाळेची व म्हातारपणाची तपासणी कोणी केली नाहीं.

नारायणगांवच्या खुडे घराण्याची कथा हेंच सांगते. नारायण खुडे यांनीं फड उभारला. त्यांच्या मुलांनीं तो ‘भाऊ-बापू मांग नारायणगांवकर’ या नांवानें महाराष्ट्रभर फिरविला. भाऊंची कन्या विठाबाई १९३५ सालीं जन्मली, तीहि घरीं नव्हे, पंढरपुरीं. फडाच्या मुलीचा जन्म वारकऱ्यांच्या गांवीं व्हावा, यांत आश्चर्य नाहीं. दोघांचेंहि आयुष्य वाटेवरचें. लहानपणींच ती पायांत चाळ बांधून उभी राहिली, आणि पुढें फडाचें नांवच तिच्या नांवानें चालूं लागलें.

विठाबाईंची एक हकीकत सर्वत्र सांगितली जाते. नऊ महिने भरलेले असतां त्या रंगमंचावर नाचत होत्या. कळा सुरू झाल्या. त्या कनातीमागें गेल्या, तेथेंच बाळंत झाल्या, दगडानें नाळ तोडली, आणि लोक खोळंबले आहेत म्हणून पुन्हां उभ्या राहण्यास निघाल्या. काय घडलें तें कळल्यावर प्रेक्षकांनींच हात जोडून खेळ थांबविण्यास सांगितलें. ही हकीकत सांगतांना विठाबाईंच्या कलानिष्ठेचें कौतुक होतें, आणि तें रास्तच आहे. पण नवव्या महिन्यांत त्या तेथें उभ्या कां होत्या? कारण सुपारी घेतलेली होती. गांवानें वर्गणी जमविलेली होती, पाव्हणेरावळे आलेले होते, आणि विठाबाई उभ्या राहिल्या नसत्या तर त्या रात्रीचें शंभर माणसांचें अन्न बुडालें असतें. निष्ठा होतीच, तिच्याशेजारीं निरुपायहि उभा होता.

राष्ट्रपतींच्या हस्तें त्यांचा १९५७ व १९९० सालीं गौरव झाला. १५ जानेवारी २००२ रोजीं त्या वारल्या, तेव्हां रुग्णालयाचें देणें दात्यांच्या देणग्यांतून भागवावें लागलें. चार-पांच वर्षांतच राज्यसरकारनें त्यांच्या नांवें जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. त्यांची कन्या मंगला बनसोडे आईच्याच फडांत वाढल्या व पुढें त्यांनीं स्वतःचा फड काढला. त्यांचा मुलगा नितीनकुमारहि त्याच मंचावर उभा राहिला. नारायण खुड्यांपासून मोजल्यास ही पांचवी पिढी.

जीवनगौरवाच्या पहिल्या मानकरी कांताबाई सातारकर (१९३९–२०२१) यांचेंहि जीवन असेंच. आईबाप खडी फोडणारे. तुकाराम खेडकरांच्या फडांत त्या नांवारूपास आल्या. १९६४ सालीं खेडकर गेल्यावर मुलें पदरीं घेऊन त्यांना पुन्हां आरंभापासून उभें राहावें लागलें. त्यांनीं स्वतःचा फड बांधला आणि पुत्र रघुवीर खेडकर यांच्यासह तो दीर्घकाळ चालविला.

दरम्यान रस्ता बदलत गेला. बैलगाडी जाऊन मालमोटार आली, पलिते जाऊन जनित्र आलें. मुंबईंत गिरण्यांचा भोंगा वाजत होता तोंवर लालबागच्या हनुमान थिएटरांत कामकरी प्रेक्षक तमाशाला मिळत होता. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या गेल्या आणि तो प्रेक्षकहि पांगला. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनीं रात्रीं दहानंतर ध्वनिक्षेपक बंद झाला. ज्या खेळाचा वग मध्यरात्रींनंतर रंगायचा, तो आतां घड्याळाकडे पाहत उरकावा लागतो. झोपमोड होणाऱ्यांची तक्रार खोटी नाहीं. पण या नियमानें एका कलेची लांबीच कापली गेली.

मग २०२० सालचा पाडवा आला. तो २५ मार्चला होता; आदल्या रात्रीं साऱ्या देशांत टाळेबंदी जाहीर झाली. वर्षाची कमाई ठरण्याच्या नेमक्या दिवशीं नारायणगांवच्या राहुट्यांत कोणी येणारें राहिलें नाहीं. वाशीच्या बाजारांतून गांवीं जाणाऱ्या गाड्या थांबल्या, जत्रा थांबल्या, वर्गण्या थांबल्या. घेतलेले विसार परत मागितले जाऊं लागले. उचल घेतलेले कलावंत गांवोगांवीं पांगले. कोणी मजुरीस, कोणी भाजी विकण्यास लागले. पुढच्या वर्षींचा चैत्रहि तसाच गेला, आणि त्याच वैशाखांत, २५ मे २०२१ रोजीं, कांताबाई सातारकर संगमनेरास करोनानें निवर्तल्या. राज्यांतील निर्बंध उठले ते २०२२ च्या पाडव्यालाच, २ एप्रिल रोजीं. राहुट्या पुन्हां लागल्या, पंच पुन्हां आले, वग कोणता म्हणून पुन्हां चौकशी सुरू झाली. ज्या फडांनीं गाड्या बाहेर काढल्या, त्यांच्या वहींत सुपारीची पहिली नवी तारीख लिहिली गेली, तेव्हां मागच्या पानावर दोन वर्षांपूर्वींची उचल अद्यापि नांवें दिसत होती.