स्वतःचे सोडून सगळ्यांचे पत्ते : 'हानाबी' आणि सहकारी खेळांचा इतिहास

आजचा विषय वाचून काही जणांना वाटलं असेल, तत्त्वज्ञान शिकवणारा माणूस सत्तरीनंतर पत्ते कुटायला लागला. तसं झालं आहे खरं. पण आधी एक प्रश्न. तुमच्यापैकी मेंढीकोट कोण कोण खेळलं आहे? बहुतेक सगळेच. आता दुसरा प्रश्न. समोर बसलेल्या भिडूला कधी खाकरून, कधी कान खाजवून खूण कोणी कोणी केली आहे? बघा, हात कमी झाले आणि हसू वाढलं.

त्या खुणेचाच इतिहास आज आपण पाहणार आहोत. मेंढीकोटात जी खूण म्हणजे लबाडी, तीच एका नव्या खेळात नियम होऊन बसली आहे. खेळाचं नाव हानाबी. अर्ध्या तासात संपतो, दोन ते पाच जण खेळू शकतात, आठ-दहा वर्षांच्या मुलालाही समजतो. आणि यात कोणी कोणाला हरवत नाही. जिंकले तर सगळे, हरले तर सगळे. हे ऐकायला फार गोड वाटतं. पण गोड वाटणाऱ्या गोष्टींबद्दल तत्त्वज्ञानाच्या माणसाने जरा सावध असावं, म्हणून थोडं मागे जाऊ या.

आपल्याकडे पत्त्यांचा सर्वांत जुना लेखी उल्लेख बाबराच्या आत्मचरित्रात सापडतो. १५२७ मध्ये त्याने सिंधमधल्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्यात आहे. गंजिफा म्हणजे गोल पत्ते. आपल्या सावंतवाडीत दशावतारी गंजिफा आजही रंगवल्या जातात. दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं, एकूण १२०. युरोपात पत्ते याच्याही आधी, साधारण १३७० च्या दशकात पोचले होते. या सगळ्या खेळांचा सांगाडा एकच आहे. माझी पानं मला दिसतात, तुझी मला दिसत नाहीत, आणि तू माझा प्रतिस्पर्धी आहेस.

मग भिडू आला. इंग्लंडमध्ये व्हिस्ट हा जोडीने खेळायचा खेळ इतका रुळला, की १७४२ मध्ये एडमंड हॉइलने त्यावर पुस्तिकाच काढली. व्हिस्टमधून पुढे ब्रिज निघाला. आज खेळतात त्या काँट्रॅक्ट ब्रिजची गुणपद्धती हॅरल्ड व्हँडरबिल्टने १९२५ मध्ये एका जहाजप्रवासात बसवली. आपला मेंढीकोट याच गोत्रातला. चार माणसं, दोन जोड्या, आणि चार दश्श्या पकडायच्या. इथे सहकार्य आहे, नाही असं नाही. पण ते दुसऱ्या जोडीला पाडण्यासाठीचं सहकार्य आहे. आपली बरीचशी एकी अशीच असते, समोर कोणीतरी असेपर्यंतची.

भिडू आला की बोलण्याचा प्रश्न येतो. माझ्या हातात काय आहे हे त्याला कळलं, तर आपण जिंकू. पण सरळ सांगून टाकलं, तर खेळच उरत नाही. ब्रिजने यावर फार हुशार तोडगा काढला. बोली लावताना बोलायचं, पण ठरलेल्या ३८ गोष्टींपैकीच एक बोलायची : ३५ बोल्या, आणि पास, डबल, रिडबल. शिवाय तुमच्या बोलीचा संकेत काय आहे, हे विचारण्याचा हक्क विरोधी जोडीला असतो. म्हणजे भाषा आहे, पण ती तोकडी आहे आणि उघडी आहे. तिच्याबाहेर एक बोट हललं तरी गुन्हा. १९६५ मध्ये ब्वेनोस आयरेसच्या जागतिक स्पर्धेत एका ब्रिटिश जोडीवर नेमका हाच आरोप झाला, की पत्ते धरण्याच्या बोटांवरून ते एकमेकांना खुणा करतात. जागतिक संघटनेने त्यांना दोषी धरलं. ब्रिटनमधल्या चौकशीने पुढे सोडलं. खुणेचा प्रश्न किती नाजूक असतो, ते यावरून कळावं.

आता दुसरा धागा. अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात एकट्याने लावायचे पत्ते आले. त्याला पेशन्स म्हणतात. त्यात प्रतिस्पर्धी माणूस नसतो. पिसलेला कॅट हाच प्रतिस्पर्धी. ही कल्पना लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कॅटशी एकट्याने झुंजायचं तर चौघांनी मिळून का झुंजू नये, असा प्रश्न कोणालाही पडेल. पण सहकारी खेळ ही स्वतंत्र चळवळ म्हणून दिसू लागली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. कॅनडात जिम डीकोव्ह यांनी १९७२ मध्ये फक्त सहकारी खेळ काढणारा घरगुती उद्योग सुरू केला. मुलांनी एकमेकांना हरवण्याऐवजी एकमेकांना मदत करावी, ही त्यामागची भूमिका. २००० मध्ये गणितात डॉक्टरेट असलेल्या रायनर क्निझिया यांनी 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वर सहकारी खेळ केला. मग २००८ मध्ये मॅट लीकॉक यांचा 'पॅन्डेमिक' आला. त्यात सगळ्यांनी मिळून जगभर पसरणारे चार रोग आटोक्यात आणायचे असतात. तो खूप खपला.

आणि इथेच एक दोष उघड झाला. तो आम्ही पुस्तकात वाचला नाही, घरी अनुभवला. सुट्टीत मुलगी, जावई आणि नात आले होते. 'पॅन्डेमिक' मांडला. सगळी माहिती सगळ्यांसमोर उघडी. आम्ही लगेच कामाला लागलो. तू इकडे जा, तू हे पान दे, तू आता थांब. रोग आटोक्यात आले. आम्ही खूश. नात म्हणाली, "आजोबा, पुढचा डाव तुम्ही एकटेच खेळा ना. आम्ही बघतो."

मंडळी, हे लागलं. रात्री झोप येईना. आम्ही अनेक वर्षं अभ्यासक्रम समितीचे अध्यक्ष होतो. इतिवृत्तात प्रत्येक ठरावापुढे दोन शब्द असायचे, 'एकमताने मंजूर'. त्याचा आम्हाला अभिमान होता. त्या रात्री पहिल्यांदा शंका आली की ते एकमत म्हणजे सगळ्यांचं एक मत होतं, की एकाचं मत होतं? त्या समितीत एक तरुण प्राध्यापिका होत्या. सहा वर्षांत त्या फारशा बोलल्याच नाहीत. आम्ही समजायचो, त्यांना सगळं पटतं आहे.

जिथे सगळी माहिती सगळ्यांपुढे असते आणि शत्रू बाहेरचा असतो, तिथे सहकार्याचं आज्ञापालन व्हायला वेळ लागत नाही. जो सर्वांत भरभर विचार करतो, किंवा नुसता सर्वांत मोठ्याने बोलतो, तो सगळ्यांचे डाव खेळतो. यावर उपदेश चालत नाही. 'इतरांनाही बोलू द्या' असं म्हटलं की पाच मिनिटं पाळलं जातं. खेळाची रचनाच अशी हवी, की एकट्याला सगळ्यांचं खेळता येऊच नये.

२०१० मध्ये आंत्वान बोझा या फ्रेंच खेळकर्त्याने हे साधलं. हानाबी हा जपानी शब्द, फूल आणि आग मिळून झालेला. म्हणजे शोभेची दारू. आपल्या फुलबाजीतही फूल आहेच. या खेळाला २०१३ मध्ये जर्मनीचा 'वर्षाचा सर्वोत्तम खेळ' हा पुरस्कार मिळाला. मोठमोठे पट आणि लाकडी सोंगट्या यांच्या जगात पत्त्यांच्या एका छोट्या डबीने तो घेतला.

त्यातली युक्ती एका वाक्यात सांगता येते. पत्ते उलटे धरायचे. माझी पानं मी सोडून सगळ्यांना दिसतात. गंजिफापासून चालत आलेला सांगाडा बोझाने नुसता फिरवून ठेवला.

विकतच्या खेळात पाच रंगांची मिळून ५० पानं असतात. पण घरच्या पत्त्यांवरही जमतं, आम्ही करून पाहिलं आहे. सारख्या पाठीचे तीन कॅट घ्या. चारही रंगांत एक्के तीन-तीन, दुर्री, तिर्री आणि चौकी दोन-दोन, आणि पंजी एकच. झाली ४० पानं. आठ चिंचोके आणि तीन काड्या ठेवा. चौघे असाल तर चार-चार पानं वाटा, दोघे-तिघे असाल तर पाच-पाच. प्रत्येक रंगाची एक्क्यापासून पंजीपर्यंत चळत लावायची आहे. पाळी आली की तीनपैकी एक गोष्ट करायची. एक चिंचोका खर्चून कोणा एकाला सूचना द्यायची. किंवा आपलं एक पान न बघता टाकून द्यायचं आणि चिंचोका परत मिळवायचा. किंवा एक पान लावायचं. पान लावलं किंवा टाकलं की नवं उचलायचं, तेही न बघता. चुकीचं पान लागलं तर एक काडी जाते. तिसरी गेली की डाव संपला. पंजी लागून चळत पुरी झाली की एक चिंचोका बक्षीस. कॅट संपल्यावर प्रत्येकाला एकेक पाळी मिळते, मग लागलेली पानं मोजायची. घरच्या कॅटात वीस पैकी किती, ते ठरतं. विकतच्यात पंचवीस पैकी.

सूचनेलाही लगाम आहे. एक तर रंग सांगायचा किंवा आकडा, आणि तशी जितकी पानं त्याच्या हातात असतील ती सगळी दाखवायची. बाकी अक्षर काढायचं नाही.

आता खरी गंमत. टेबलावर बदामाचा एक्का आणि दुर्री लागली आहे. नात आमच्या एका पानावर बोट ठेवून म्हणते, "हे बदाम." शब्दशः पाहिलं तर एवढंच कळलं की पान बदाम आहे. एक्का आहे की पंजी, माहीत नाही. पण आपण विचार करतो. तिने मोलाचा चिंचोका खर्च केला. आत्ताच का केला? याच पानासाठी का केला? अर्थात ही तिर्री असणार. लावून टाका! तिने तिर्री हा शब्द उच्चारलेला नाही, तरी तिने ते सांगितलं.

पॉल ग्राइस यांनी १९६७ मध्ये हार्वर्डच्या व्याख्यानांत हेच मांडलं, की माणूस शब्दांनी जेवढं म्हणतो त्याहून जास्त सुचवतो, आणि ऐकणारा ते ओळखू शकतो, कारण बोलणारा सहकार्य करतो आहे असं तो गृहीत धरतो. आपल्याकडे नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने याच अंगाला ध्वनी म्हटलं. 'सूर्य मावळला' हे वाक्य गुराख्याला एक सांगतं, पूजा करणाऱ्याला दुसरं, असं आपले जुने पंडित समजावून देत. आम्ही हे चाळीस वर्षं फळ्यावर शिकवलं. टेबलावर मात्र नातीने 'बदाम' म्हटल्यावर आम्ही पान लावलं नाही. म्हटलं, पोर आहे, सहज बोलली असेल. आणि चार पाळ्यांनंतर तेच पान टाकून दिलं. तिर्रीच होती ती. दुसरी तिर्री आधीच गेली होती, त्यामुळे बदामाची चळत तिथेच अडली. समजण्याचं शास्त्र आम्हाला पाठ होतं, विश्वास कमी पडला.

२०१९ मध्ये डीपमाइंड आणि गूगल ब्रेनच्या संशोधकांनी हानाबी हे कृत्रिम बुद्धिमत्तेपुढचं आव्हान म्हणून मांडलं. बुद्धिबळ आणि गो यांत यंत्राने माणसाला हरवून झालं होतं. इथे अडचण वेगळीच निघाली. स्वतःच्याच प्रतींबरोबर सराव केलेलं यंत्र त्या प्रतींबरोबर छान खेळे, पण वेगळा सराव झालेल्या भिडूसमोर बसवलं की पार कोसळे. त्याने आपल्यापुरते संकेत बनवले होते, समोरच्याला समजून घेणं ते शिकलंच नव्हतं. आम्हाला हे वाचून आमची समितीच आठवली.

आता परीक्षण म्हणून थोडं परखड. खेळ निर्दोष नाही. आवाजाची पट्टी, भुवई, एक लांब 'अंऽऽ', यांतून बरंच गळतं. किती कडक राहायचं हे घराने आधी ठरवून घ्यावं. वयस्कर माणसाला कोणती सूचना कोणत्या पानाला मिळाली हे ध्यानात ठेवणं जड जातं, पण पानं हातात हवी तशी मागेपुढे लावायला मुभा आहे, तिचा उपयोग करावा. आणि गप्पा मारत खेळायचं असेल तर हानाबी काढू नका, सरळ झब्बू मांडा. पण ज्या घरात एकच माणूस बोलतो, तिथे हा खेळ जरूर न्या.

कारण यात नियमच सांगतो, की तुमच्या हातात काय आहे ते तुम्हाला सोडून सगळ्यांना ठाऊक आहे. सर्वांत हुशार माणसालाही दुसऱ्याने सांगेपर्यंत थांबावं लागतं, आणि सांगितल्यावर त्यावर भरवसा ठेवावा लागतो. सहकार्य म्हणजे भांडण नसणं, अशी आमची समजूत होती. आता वाटतं, मला जे दिसत नाही ते तुला दिसतं हे मान्य करणं, इथून ते सुरू होतं.

त्या प्राध्यापिकाबाईंना आम्ही मागच्या महिन्यात फोन केला. म्हटलं, त्या सहा वर्षांत तुम्हाला काय दिसत होतं, ते आता सांगाल का? त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग तासभर बोलल्या. आम्ही ऐकलं. काही पानं आम्ही केव्हाच टाकून दिलेली होती, ती परत येणार नाहीत. पण कोणती होती, ते निदान कळलं.

आता तुम्ही बोला, आम्ही ऐकतो.