बार्थेल निर्देशांक : रुग्णाच्या स्वावलंबनाची मोजणी

पक्षाघात, मज्जारज्जूची इजा किंवा मोठा अस्थिभंग यांतून सावरणाऱ्या रुग्णाला दैनंदिन व्यवहारांत किती मदत लागते, याची नोंद ठेवणे हे पुनर्वसन परिचर्येतील महत्त्वाचे काम आहे. त्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या पद्धतींपैकी बार्थेल निर्देशांक ही एक प्रमुख पद्धत होय. अमेरिकेतील डॉ. फ्लॉरेन्स महोनी आणि भौतिकोपचारतज्ज्ञ डोरोथिया बार्थेल यांनी ती १९६५ साली प्रसिद्ध केली.

या निर्देशांकात दहा बाबी आहेत. आंघोळ आणि दात घासणे, केस विंचरणे यांसारखी वैयक्तिक निगा यांना प्रत्येकी ५ गुण आहेत. जेवण, कपडे घालणे, शौचावर नियंत्रण, लघवीवर नियंत्रण, शौचालयाचा वापर व जिना चढणे-उतरणे यांना प्रत्येकी १० गुण, तर खाटेवरून खुर्चीत बसणे आणि चालणे यांना प्रत्येकी १५ गुण आहेत. एकूण गुण १०० होतात.

रुग्ण काय करू शकेल हे नव्हे, तर तो प्रत्यक्षात काय करतो, हे नोंदवावे, असा या पद्धतीचा मुख्य नियम आहे. सर्वसाधारणपणे मागील २४ ते ४८ तासांतील स्थिती विचारात घेतली जाते. काठी किंवा अन्य साधन वापरून रुग्णाने काम स्वतः केल्यास पूर्ण गुण मिळतात. मात्र कोणी जवळ उभे राहावे लागत असेल, तर रुग्ण स्वावलंबी मानला जात नाही. रुग्णाला चोवीस तास पाहणाऱ्या परिचारिकेची नोंद म्हणूनच मोलाची ठरते. व्यायामकक्षात चार पावले टाकणारा रुग्ण रात्री शौचालयापर्यंत एकटा जातो की नाही, हे तिलाच ठाऊक असते.

केवळ बेरजेवर विसंबणे मात्र धोक्याचे आहे. समजा, दोन रुग्णांचे गुण ६० आहेत. एक स्वतः चालतो, पण त्याचे लघवीवर नियंत्रण नाही. दुसऱ्याचे नियंत्रण पूर्ण आहे, पण तो चाकांच्या खुर्चीवर अवलंबून आहे. पहिल्याला त्वचेची निगा आणि लघवीचे वेळापत्रक हवे, तर दुसऱ्याला खाटेवरून खुर्चीत बसण्याचा सराव हवा. म्हणून प्रत्येक बाबीचे गुण स्वतंत्रपणे पाहूनच परिचर्येची आखणी करावी लागते.

१०० गुण मिळाले म्हणजे रुग्ण एकटा राहू शकतो, असेही नाही. स्वयंपाक, घरकाम किंवा बाहेरचे व्यवहार त्याला जमतीलच असे नाही, हे या पद्धतीच्या कर्त्यांनीच स्पष्ट केले होते. बोलणे, स्मरणशक्ती आणि निर्णयक्षमता यांचे मापन यात होत नाही. फंक्शनल इंडिपेन्डन्स मेजर या १८ बाबींच्या आणि १८ ते १२६ गुणांच्या पद्धतीत त्यांचा समावेश आहे.

भारतीय घरांचा विचार करता आणखी एक दक्षता आवश्यक ठरते. रुग्णालयातील कमोड वापरणाऱ्या रुग्णाला घरी उकिडवे बसावे लागेल काय, आंघोळीसाठी बादली उचलावी लागेल काय, उंबरठा किती उंच आहे, हे घरी पाठवण्यापूर्वी विचारले पाहिजे. घरी गेल्यावर मदतीचा भार कुटुंबीयांवर येतो. कोणत्या कामात किती हातभार लागेल, हे त्यांना बाबनिहाय समजावून सांगितल्यास रुग्णालयातील नोंदीचा घरीही उपयोग होतो.