सरहद्द ओलांडणारी मोटार

धर्मापुरीहून अहिल्यानगरला मोटारीने जाताना आज कोणी जकात मागत नाही. सप्टेंबर १९४८पर्यंत मात्र बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, तर १९४७पर्यंत अहमदनगर ब्रिटिश मुलखात. संस्थानाची जकात म्हणजे करोडगिरी वेगळी, नाणेही वेगळे: ७ हाली रुपये म्हणजे ६ कलदार.

सरहद्दीवर मोटार आली की तीन प्रश्न उभे राहतात. गाडी कोणाची? चालकाला ती चालवता येते का? आणि ती तिकडेच विकली तर जकातीचे काय?

पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर १९०९च्या पॅरिस कराराने शोधले: सर्व सदस्य देशांनी मानायचे, एक वर्ष मुदतीचे प्रमाणपत्र. भारत १९४९च्या जिनिव्हा करारात सामील आहे. त्यानुसार गाडीच्या मागे पांढऱ्या लंबवर्तुळात देशाची काळी अक्षरे लागतात, आपली ‘आयएनडी’. सोबत नोंदणीपत्र आणि प्रादेशिक परिवहन कार्यालयाने दिलेला आंतरराष्ट्रीय वाहनपरवाना हवा.

तिसऱ्या प्रश्नासाठी अनेक देश ‘कार्ने’ नावाची पुस्तिका मागतात. मोटार संघटना तीद्वारे जकातीची हमी घेते. देशात शिरताना एक शिक्का, बाहेर पडताना दुसरा. दुसरा राहिला, तर गाडी परतली याला पुरावा उरत नाही आणि जकात भरण्याची पाळी येते. म्हणून इंजिन आणि टायरांइतकाच हा शिक्काही तपासावा.

अनोळखी माणसावर विश्वास ठेवण्याची सोय म्हणजे हे कागद. विद्यार्थ्यांनी गावातील जुन्या जाणत्यांना करोडगिरीविषयी जरूर विचारावे.